घर, चाकं आणि पेन्शन

९ डिसेंबर १९६३ रोजी स्टुडबेकर कंपनीनं साउथ बेंडमधला आपला मोटारींचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. नाताळ दोन आठवड्यांवर आला होता. २० तारखेला शेवटची मोटार बाहेर पडली आणि शहरातले हजारो कामगार घरी बसले.

साउथ बेंड हे अमेरिकेच्या इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाचं शहर. १८५२ साली तिथे स्टुडबेकर भावांनी लोहारकामाचं दुकान टाकलं. त्यांच्यातला एक भाऊ, जॉन, सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला आणि सोनं खणायचं सोडून खणणाऱ्यांना एकचाकी हातगाड्या बनवून विकत बसला. काही वर्षांनी आठ हजार डॉलर गाठीला बांधून तो परतला. त्या भांडवलावर घोडागाड्यांचा धंदा फोफावला. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या कुटुंबांचे कापडी छपराचे गाडे, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे गाडे आणि विसाव्या शतकात मोटारी. या गावाचं पोट शंभर वर्षं चाकांवर भरलं.

कारखाना बंद झाल्यावर कामगारांना आणखी एक गोष्ट कळली. युनियननं भांडून मिळवलेल्या पेन्शन योजनेत सगळ्यांना द्यायला पुरेसे पैसेच नव्हते. आधीच निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले सुमारे ३,६०० जण वाचले, त्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या सुमारे ४,००० जणांना हक्काच्या रकमेच्या साधारण १५ टक्के एकरकमी देऊन वाटेला लावलं. या लोकांचं सरासरी वय ५२ होतं आणि सरासरी नोकरी २३ वर्षांची. त्यांच्याहून तरुण असलेल्यांच्या हाती काहीच आलं नाही.

साउथ बेंडहून पूर्वेकडे निघालं की साधारण २५ किलोमीटरवर एल्कहार्ट लागतं. अमेरिकेत बनणाऱ्या आरव्हींपैकी ८० टक्क्यांहून जास्त या एल्कहार्टच्या परिसरात बनतात. आरव्ही म्हणजे घर असलेलं वाहन. त्यात बसभर लांबीची मोटारहोम आली, मोटारीमागे ओढायचा ट्रेलर आला, पिकअप ट्रकवर टेकवून न्यायचा मोठा ट्रेलरही आला. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, पोटाशी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या. इथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ लोक काम करतात. ते स्वतःची मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी चाकांवरची घरं बांधतात.

या रस्त्यावरून मी बरेचदा जातो. रस्त्याच्या एका टोकाला पेन्शन बुडाली आणि दुसऱ्या टोकाला जी घरं बनतात त्यांतल्या काहींत आज पुरेशी पेन्शन नसलेली म्हातारी माणसं बारा महिने राहतात आणि काम करत गावोगाव फिरतात. ही दोन गावं शेजारी असणं हा योगायोग आहे. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध योगायोगाचा नाही, असं मला वाटतं. तो संबंध काय, ते इथे मांडायचं आहे.

कॅम्प होस्ट

उन्हाळ्यात आम्ही तंबू घेऊन मिशिगन सरोवराच्या बाजूला जातो. कोणत्याही मोठ्या कॅम्पग्राउंडवर शिरताच पहिल्या-दुसऱ्या जागेवर एक आरव्ही उभी दिसते. तिच्यापुढे पाटी असते: कॅम्प होस्ट. बहुतेक वेळा सत्तरीच्या आसपासचं जोडपं, कधी एकटी बाई. वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीसकट ती जागा त्यांना पूर्ण हंगाम फुकट मिळते. त्या बदल्यात आठवड्याला वीस-तीस तास काम. आलेल्यांची नोंद करायची, सरपणाच्या मोळ्या विकायच्या, शेकोटीच्या कड्यांमधली राख उपसायची, संडास धुवायचे, रात्री दहानंतर गिटार वाजवणाऱ्या पोरांना गोड शब्दांत गप्प करायचं.

हे काम दोन प्रकारचं असतं. सरकारी उद्यानांत आणि जंगलांत बहुतेक होस्ट कागदोपत्री स्वयंसेवक असतात. राष्ट्रीय उद्यानांसाठी १९७० साली आणि राष्ट्रीय वनांसाठी १९७२ साली तसे कायदे झाले. पुढे १९८०च्या दशकापासून वनखात्यानं आपली बरीच कॅम्पग्राउंडं खाजगी कंत्राटदारांकडे चालवायला दिली. तिथे पगार मिळतो, तासाला किमान वेतन किंवा त्याच्या जरा वर. अशा कामकऱ्यांना 'वर्कॅम्पर' म्हणतात. १९८७ साली अशा नोकऱ्यांच्या जाहिराती छापणारं एक नियतकालिक आर्कान्सा राज्यातून निघालं, त्याच्या नावातून हा शब्द रूढ झाला.

अशाच एका जोडप्याशी माझी बऱ्यापैकी ओळख झाली. ते आधी ट्रक चालवायचे, त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. निवृत्तीनंतर असंच राहायचं आधीपासून ठरवलं होतं का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी सरोवराकडे हात केला आणि म्हणाले, लोक हे बघायला वर्षातून एक आठवडा सुट्टी काढतात, आम्हाला रोज दिसतं. बाई तेवढ्यात म्हणाल्या, घर विकलं त्यात कर्ज तेवढं फिटलं. दोघंही खरं बोलत होते. दोघांनीही दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढलं नाही.

वर्कॅम्परांबद्दल जे लिहिलं जातं त्यात यातलं एकच उत्तर उचललेलं असतं. एक तर मोकळ्या रस्त्याचं गाणं, नाहीतर म्हातारपणी राबणाऱ्यांची कहाणी. इतिहास पाहिला तर दिसतं की अमेरिकेत चाकांवरच्या घराला ही दोन्ही उत्तरं पहिल्यापासून चिकटलेली आहेत.

पत्र्याच्या डब्यांचे प्रवासी

१९२०च्या दशकाच्या मध्यावर फोर्डची मॉडेल टी ३०० डॉलरच्या आत मिळू लागली होती. गाडीच्या बाजूला तंबू लावून, डबाबंद अन्न गरम करून खात देश बघायचं वेड लागलं. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा शहरात डी सोटो पार्कमध्ये उतरलेल्या अशा प्रवाशांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण.

सुरुवातीला गावांनी त्यांचं स्वागत केलं. प्रवासी आले की किराणा विकला जाईल, पेट्रोल विकलं जाईल, म्हणून शेकडो नगरपालिकांनी फुकट मोटारतळ उघडले. डेन्व्हरचा ओव्हरलँड पार्क त्यांतला मोठा आणि गाजलेला. पण चार-पाच वर्षांत नगरपालिकांच्या लक्षात आलं की आलेल्यांपैकी काही जण जातच नाहीत. त्यांना परत जायला घर नव्हतं. मोटार आणि तंबू हेच त्यांचं घर, आणि ते कामाच्या शोधात फिरत होते. मग मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा आली आणि २५ ते ५० सेंट फी लागली. फी पैशांसाठी कमी आणि चाळणी म्हणून जास्त होती. ज्याला परवडेल तो पर्यटक, ज्याला परवडणार नाही तो भटक्या.

१९३०च्या दशकात मंदी आली आणि त्याच दशकात मोटारीमागे ओढायचे ट्रेलर बाजारात आले. डेट्रॉइटजवळच्या एका कंपनीनं तर जुन्या गाड्यांची आठवण ठेवून आपलं नावच 'कव्हर्ड वॅगन' ठेवलं आणि ती त्या काळातली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. एल्कहार्टमध्ये विल्बर शुल्टसारख्यांनी ट्रेलर बनवायला घेतले ते याच सुमारास. वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहायला जाईल, असं भाकीत रॉजर बॅबसन या अर्थतज्ज्ञानं केलं. ते खोटं ठरलं, पण त्या वेळी लोकांना ते पटण्याजोगं वाटलं होतं. एकीकडे चकचकीत ट्रेलर घेऊन थंडीत फ्लोरिडाला जाणारे सुखवस्तू लोक होते, दुसरीकडे धुळीच्या वादळांत शेतं गमावून जुनाट मोटारीत संसार भरून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांवर गेलेली कुटुंबं होती. दोघंही रात्री गाडीपाशीच झोपत.

दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांजवळ कामगारांना राहायला जागा नव्हती, तेव्हा सरकारनं हजारो ट्रेलर विकत घेऊन तिथे वसाहती उभ्या केल्या. युद्धानंतर फाटा फुटला. १९५४ पासून दहा फूट रुंदीचे ट्रेलर बनू लागले. ते साध्या मोटारीनं ओढता येत नसत, एकदा जागेवर नेऊन ठेवले की तिथेच राहत. ही झाली 'मोबाइल होम', म्हणजे गरिबांचं आणि कामगारांचं घर. दुसऱ्या फाट्यावर हलके, सुटसुटीत, सुट्टीत वापरायचे ट्रेलर राहिले, त्यांतून आरव्ही आली. घर एकीकडे, मौज दुसरीकडे. पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेनं ही वाटणी ठीकठाक सांभाळली. ती सांभाळता आली याचं मोठं कारण म्हणजे निवृत्ती नावाची नवी गोष्ट.

निवृत्तीचा शोध

आपल्याकडे निवृत्ती हा शब्द फार जुना आहे. तो प्रवृत्तीच्या जोडीनं येतो आणि त्याचा पगाराशी काही संबंध नाही. टिळकांनी 'गीतारहस्य'मध्ये ज्या निवृत्तीमार्गाशी वाद घातला तिच्यात फंड आणि ग्रॅच्युइटी नव्हती. नोकरीतून निवृत्त होण्याला आपण 'पेन्शनीत निघणं' म्हणायचो, आणि ते इंग्रजी राज्यातल्या सरकारी चाकरीबरोबर आलं. अमेरिकेतही सर्वसामान्य कामगाराच्या बाबतीत ही गोष्ट नवीच आहे. त्याआधी माणूस अंगात बळ आहे तोवर काम करी. नंतर मुलांनी सांभाळलं तर ठीक, नाहीतर सरकारी गरीबघर.

१९३३ साली लाँग बीच, कॅलिफोर्नियातले डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी एक योजना मांडली. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला सरकारनं महिना २०० डॉलर द्यावेत. अटी दोन: त्यानं काम सोडायचं, आणि पैसे महिनाभरात खर्च करायचे. म्हाताऱ्यानं जागा सोडली की तरुणाला नोकरी, म्हाताऱ्यानं खर्च केला की दुकानदाराला गिऱ्हाईक. हिशेब कच्चा होता, पण देशभर टाउनसेंड क्लब निघाले आणि राजकारण्यांवर दबाव आला. १४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्टनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. पहिला मासिक चेक जानेवारी १९४०मध्ये व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांनी कर म्हणून भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. त्या शंभर वर्षं जगल्या आणि एकूण २२ हजार डॉलरच्या वर रक्कम घेऊन गेल्या.

युद्धानंतर मोठ्या कारखान्यांच्या युनियननी कंपनीची पेन्शन मिळवली. १९६५ साली पासष्टीनंतरच्या आरोग्यविम्यासाठी मेडिकेअर आलं. निवृत्तीला अमेरिकेत तीन पायांच्या तिवईची उपमा देतात: एक पाय सोशल सिक्युरिटीचा, एक कंपनीच्या पेन्शनीचा, एक स्वतःच्या बचतीचा. ती तिवई उभी राहिली तेव्हा म्हातारपण विकायला काढण्याजोगं झालं. १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनाच्या वाळवंटात सन सिटी नावाची फक्त निवृत्तांची वसाहत उघडली आणि पहिल्याच आठवड्याच्या शेवटी ती बघायला लाखभर लोक लोटले. १९५६च्या कायद्यानं देशभर महामार्ग बांधले जात होते. १९६२ साली मोंटाना राज्यातल्या बिलिंग्जमध्ये पहिलं केओए कॅम्पग्राउंड निघालं. १९६६ साली आयोवातल्या विनेबेगोनं मोटारहोमचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि किमती खाली आणल्या. आजी-आजोबा आरव्ही घेऊन निघाले ते या काळात. गाडीच्या मागे ते गमतीनं लिहीत, की आम्ही मुलांचा वारसा खर्च करतोय.

हे चित्र अमेरिकेनं आपल्या म्हातारपणाचं कायमचं चित्र समजलं. आयडा मे फुलरच्या पहिल्या चेकपासून मोजलं तर ते जेमतेम दोन पिढ्या टिकलं.

तिवईचे पाय

स्टुडबेकरच्या कामगारांचं काय झालं हे देश विसरला नाही. त्या प्रकरणाचा दाखला देत दहा वर्षं चर्चा झाली आणि २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी एरिसा कायद्यावर सही केली. कंपन्यांनी पेन्शन फंडात पुरेसे पैसे ठेवलेच पाहिजेत आणि योजना बुडाली तर सरकारी विमा महामंडळ ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन देईल, असं त्यानं ठरवलं. कायदा चांगला होता. पण कंपन्यांच्या दृष्टीनं पेन्शनचं वचन आता महाग आणि बांधून घालणारं झालं.

चार वर्षांनी, १९७८च्या महसूल कायद्यात ४०१ (के) नावाचं एक कलम घुसलं. पगाराचा काही भाग कर न भरता बाजूला टाकता येईल, एवढंच ते म्हणत होतं. १९८०च्या दशकात कंपन्यांच्या लक्षात आलं की पेन्शनऐवजी हेच देता येईल. मराठी वाचकाला हा फरक उलगडून सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन उरली नाही आणि मार्च २०२३मध्ये राज्यभरचे कर्मचारी आणि शिक्षक त्याच मागणीसाठी संपावर गेले होते. जुन्या पद्धतीत मरेपर्यंत मिळायच्या रकमेचं वचन असतं. नव्या पद्धतीत फक्त वर्गणी ठरलेली असते, हातात काय पडणार ते बाजारावर. अमेरिकेत हा बदल कंपनी-कंपनीनं, गुपचूप झाला. २०२३ साली खाजगी क्षेत्रातल्या फक्त १५ टक्के कामगारांना जुन्या पद्धतीची पेन्शन उपलब्ध होती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पन्नाशी ओलांडलेली मंडळी जेवणाच्या रांगेत उभी असली की बोलणं हटकून ४०१ (के)वर येतं. बाजार वर असला की हशा असतो, खाली असला की विषय लवकर बदलतो.

पहिला पायही थोडा तासला गेला. १९८३च्या दुरुस्तीनं सोशल सिक्युरिटीचं पूर्ण वय ६५वरून हळूहळू ६७वर नेलं. बासष्टीला घेता येते, पण १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तेव्हा घेतली तर ३० टक्के कमी मिळते, आणि ती आयुष्यभर कमीच राहते. २०२४च्या सुरुवातीला निवृत्त कामगाराला सरासरी महिना १,९०० डॉलरच्या आसपास मिळत होते. त्यातून मेडिकेअरच्या हप्त्याचे १७४ डॉलर ७० सेंट आधीच कापले जात. उरलेल्यात घरभाडं द्यायचं तर बहुतेक शहरांत बाकीचा महिना कसा काढायचा हा प्रश्न पडतो.

ही रक्कम सर्वांत जास्त कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते. मुलं किंवा आईवडील सांभाळण्यात गेलेली वर्षं हिशेबात शून्य धरतात. घटस्फोट झालेल्या, कमी पगारावर खंडित नोकऱ्या केलेल्या बायकांचे चेक म्हणूनच लहान असतात. कॅम्पग्राउंडवर एकट्या राहणाऱ्या होस्ट बाई दिसल्या की मला त्या शून्यांची आठवण येते.

तिसरा पाय, म्हणजे बचत, अमेरिकेत बहुतेकांच्या बाबतीत घराच्या भिंतींत असते. २००८ साली घरांच्या किमती आणि शेअर बाजार एकदमच कोसळले. आरव्हींची मागणी आटली आणि एल्कहार्टचे कारखाने बंद पडले. फेब्रुवारी २००९मध्ये ओबामा तिथे आले तेव्हा बेकारी १५ टक्क्यांच्या वर गेली होती. आरव्ही बनवणाऱ्याची नोकरी गेली होती आणि दुसरीकडे कोणीतरी घर गमावून जुनी आरव्ही शोधत होता. १९५४ साली वेगळे झालेले दोन फाटे पुन्हा एकत्र आले, पण कायद्यानं त्याची दखल घेतलेली नाही. एरिसाच्याच वर्षी, १९७४मध्ये, कारखान्यात बनणाऱ्या मोबाइल होमसाठी बांधकामाची आणि सुरक्षेची राष्ट्रीय मानकं ठरवणारा कायदा झाला. आरव्ही त्याच्या कक्षेबाहेर आहे, कारण कायद्याच्या लेखी ती तात्पुरत्या मुक्कामाची गाडी आहे, कायम राहायचं घर नाही.

गळीत हंगाम

बारा महिने आरव्हीत राहणाऱ्याचं वर्ष पिकांसारखं फिरतं. मेअखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत कॅम्पग्राउंड. ऑक्टोबरात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर, रेड नदीच्या खोऱ्यात, साखर-बिटाची काढणी असते. तिथला अमेरिकन क्रिस्टल शुगर हा १९७३ पासून शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना आहे, हे वाचून मला प्रवरानगर आठवलं. कारखाना दरवर्षी काढणीपुरती माणसं घेतो आणि त्यांत आरव्हीतून आलेले निवृत्त लोक बरेच असतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या, दिवसरात्र. ट्रकमधून येणारी बिटं यंत्रानं डोंगरासारखी रचायची, नमुने काढायचे, ट्रकवाल्यांना हातानं खुणा करायच्या. ऊन जास्त झालं किंवा जमीन गोठली की काम थांबतं. आपल्या ऊसतोड्याच्या डोक्यावर उचलीचं ओझं असतं आणि हातात कोयता, तसं इथे नाही. मजुरी बरी आहे आणि काम दोन-तीन आठवड्यांचं. पण साखरेच्या हंगामाला बिऱ्हाडासकट येणारी माणसं लागतात, हे दोन्हीकडे सारखंच.

त्यानंतर नाताळची खरेदी. २००८ साली ॲमेझॉननं कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलच्या गोदामात काही आरव्हीवाल्यांना हंगामी कामावर घेतलं. त्याची पुढे 'कॅम्परफोर्स' नावाची योजना झाली आणि नेव्हाडा, केंटकीतही ती पसरली. आरव्ही लावायच्या जागेचं भाडं कंपनी देई. काम दहा तासांच्या पाळीचं, काँक्रीटच्या जमिनीवर चालण्याचं. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी अशा लोकांबरोबर राहून २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्याच भूमिका केल्या आहेत.

जानेवारीत सगळे ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला उतरतात. तिथल्या सरकारी वाळवंटात परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहता येतं. गावच्या दफनभूमीत एक लहानसा पिरॅमिड आहे, त्यावर उंटाची आकृती. १८५६ साली अमेरिकन लष्करानं प्रयोग म्हणून आणलेल्या उंटांबरोबर आलेल्या हाजी अली या उंटवाल्याची ती कबर. प्रयोग गुंडाळला गेला, हाजी अली वाळवंटातच राहिला. १९०२ साली तो वारला.

मोकळं कोण

या जगण्यात मोकळेपणा नाही असं मी म्हणणार नाही. घरभाडं नसणं हा मोकळेपणाच आहे, आणि साठीनंतर नव्या ओळखी होणं ही लहान गोष्ट नाही. वृद्धाश्रमात किंवा मुलाच्या तळघरात राहण्यापेक्षा हे बरं, असं सांगणारे मला भेटले आहेत. पण मोकळेपणाची भाषा कुणाच्या सोयीची आहे, हेही बघायला हवं. संडास धुणाऱ्याला 'होस्ट' म्हटलं आणि गोदामातल्या हमालीला 'कॅम्परफोर्स' म्हटलं की मजुरी, विमा, दुखापत हे शब्द मागे पडतात. १९२०च्या दशकात फी लावून पर्यटक आणि भटक्या वेगळे केले गेले. आज त्यांच्यातला फरक शब्दांनी झाकला जातो.

शिवाय हा रस्ता सगळ्यांना सारखा मोकळा कधीच नव्हता. व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुइस माउंटन हे कॅम्पग्राउंड फक्त कृष्णवर्णीयांसाठी वेगळं उघडलं होतं. ही पद्धत १९५०पर्यंत मोडीत निघाली. पण वर्कॅम्परांमध्ये गोरे चेहरे इतके जास्त का, याच्या उत्तराचा एक भाग तिथे आहे. कुठेही गाडी लावून रात्र काढायची तर पोलिसानं काच वाजवली की काय होईल याची भीती कमी असावी लागते.

आणि प्रत्येकाला एक दिवस गाडी थांबवावी लागते. नजर कमी होते, गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत, जोडीदार जातो. घर विकलेलं असतं. आरव्हीची किंमत वर्षागणिक उतरलेली असते, घरासारखी वाढत नाही. म्हातारपणाचा जो धोका एकेकाळी कंपनी, सरकार आणि कुटुंब मिळून वाटून घेत, तो इथे एका माणसाच्या अंगावर, चार चाकांवर येऊन ठेपतो.

याला उत्तर शोधलं ते आरव्हीवाल्यांनीच. १९७८ साली स्थापन झालेल्या एस्केपीज या आरव्ही क्लबचं मुख्य ठाणं टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टन या गावाजवळ आहे. फिरत्या सभासदांना टपालासाठी पत्ता देणं हे त्याचं मोठं काम. पुढे सभासद म्हातारे झाले तेव्हा क्लबनं शेजारीच 'केअर' नावाची ना-नफा संस्था उभी केली. ज्यांना आता गाडी चालवता येत नाही ते तिथे स्वतःच्याच आरव्हीत राहतात. जेवणाची सोय आहे, डॉक्टरकडे न्यायला-आणायला माणूस आहे, औषधं घेतली की नाही ते बघणारं कोणी आहे. खर्च निघतो तो सभासदांच्या पैशांतून, देणग्यांतून आणि स्वयंसेवकांच्या श्रमांतून. हे स्वयंसेवक बहुतेक आरव्हीतूनच आलेले असतात. आज जे डाळ-भाजी वाढतात त्यांना ठाऊक असतं की उद्या आपलीही गाडी इथेच उभी राहील.

स्टुडबेकरच्या कामगारांनी हीच जबाबदारी कंपनीवर सोपवली होती आणि टाउनसेंडच्या अनुयायांनी सरकारवर. लिव्हिंगस्टनमध्ये ती शेजाऱ्यांनी उचलली आहे. पण तिथली जागा थोडी आहे, आणि एल्कहार्टच्या कारखान्यांतून रोज नव्या गाड्या बाहेर पडत आहेत.